पाहुण्यांनी कोट कुठे ठेवायचे?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चॅपेल हिल या गावी एक नवरा-बायको आपल्या राहत्या घराला नवी बाजू जोडायच्या तयारीत होते. नकाशा काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा, असं बरेच दिवस चाललं होतं. संगीतासाठी मोठी खोली हवी होती आणि ती बसवायला जागा इंचाइंचाने मोजावी लागत होती. एकदा दोघं, घरी माणसं जमतील तेव्हा नेमकं काय काय होईल, ते क्रमाने बोलून बघत होते. बेल वाजेल, दार उघडेल, माणसं आत येतील. बाहेर थंडी असेल. मग ही सगळी मंडळी अंगावरचे कोट कुठे ठेवतील?

इतके दिवस हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. त्या एका प्रश्नापायी त्यांच्या निजायच्या खोलीची जागा घराच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली.

त्या घरधन्याचं नाव फ्रेडरिक ब्रुक्स. सगळे त्यांना फ्रेड म्हणत. बँकांचे, रेल्वेचे, सरकारांचे हिशेब ज्या यंत्रांवर वर्षानुवर्षं चालले, त्या आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणक-कुटुंबाची उभारणी या माणसाच्या हाताखाली झाली. कोटांची ही गोष्ट त्यांनीच २०१० साली आलेल्या 'द डिझाइन ऑफ डिझाइन' या पुस्तकात सांगितली आहे. सिस्टीम/३६० ची रचना कशी ठरली याचं प्रकरणही त्याच पुस्तकात आहे. अब्जावधी डॉलरचं यंत्र आणि घरातली कोट ठेवायची जागा, दोन्ही त्यांनी सारख्याच मन लावून लिहिलंय. मला ते फार आवडतं.

१७ नोव्हेंबर २०२२ ला, गुरुवारी, ते प्रभुघरी गेले. वय ९१ होतं. मला शनिवारी रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी शोकाकुल कुटुंबांसाठी प्रार्थनेला सुरुवात केली तेव्हा नेहमीच्या नावांमागोमाग मी मनातल्या मनात नॅन्सी हे नाव घेतलं. मी त्यांना कधी भेटले नाही, पत्र लिहिलं नाही. पण माझ्या नोकरीची पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या एका पुस्तकाच्या आधाराने गेली, त्याच्या बायकोसाठी डोळे मिटून दोन शब्द बोलावेत एवढं त्यांचं माझ्यावर देणं होतं.

ते पुस्तक म्हणजे 'द मिथिकल मॅन-मंथ', १९७५ सालचं. माझ्या हातात आलं तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत टीम लीड होते. आमचं काम लांबलं होतं. डिसेंबरअखेर सॉफ्टवेअर द्यायचं कबूल केलेलं आणि ऑक्टोबर संपत आला तरी अर्धं काम समोर. आम्ही नऊ जण होतो. मी वर जाऊन माणसं मागितली. मागितली म्हणजे भांडून मागितली, आणि मिळाली याचा मला केवढा आनंद झाला! बारा नवी माणसं आली. हुशार होती, मेहनती होती. आणि पहिल्याच आठवड्यात माझी जुनी नऊ माणसं काम सोडून त्या बाराजणांना काम समजावून सांगायला बसली. कुणी काय बदललं हे कुणालाच कळेना. रोज संध्याकाळी एकवीसजणांची मीटिंग, आणि तिथे एकाचं बोलून होईपर्यंत दुसरा आपलं विसरलेला. डिसेंबरअखेरचं काम मार्चअखेर गेलं. त्या वर्षी मी नाताळला नगरला घरी जाऊ शकले नाही. पप्पांनी एकट्याने कामट्या तासून चांदणी केली आणि दारात टांगली. हे मला आईने फोनवर सांगितलं.

मग एका वरिष्ठ सहकाऱ्याने टेबलावर हे पुस्तक आणून ठेवलं. बोलला काहीच नाही. त्यात एक वाक्य होतं, जे आज जगभर ब्रुक्सचा नियम म्हणून ओळखलं जातं: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली की ते काम आणखी उशिरा होतं. पुढे हिशेबही होता. माणसांच्या जोड्या मोजा. नऊ जणांच्या ३६ जोड्या होतात, एकवीस जणांच्या २१०. प्रत्येक जोडीने एकमेकांशी बोलायचं म्हटलं तर काम कधी करायचं? मी कागदावर गुणाकार करून बघितला आणि माझे कान गरम झाले.

'मॅन-मंथ' म्हणजे आपल्याकडे रोजगार हमीच्या कागदावर 'मनुष्यदिवस' लिहितात ना, तोच हिशेब, फक्त महिन्याचा. दहा माणसं एक महिना म्हणजे एक माणूस दहा महिने. नगर जिल्ह्यात वाढलेल्या मला हे माप ओळखीचं होतं. पूर्वी कुणाची नांगरट मागे पडली की इर्जिक घालायचे. आसपासचे शेतकरी आपापले बैल घेऊन यायचे आणि चार दिवसांचं काम दिवसात उरकायचं. ब्रुक्स हे मान्य करतात. गहू कापायला, कापूस वेचायला हे माप चालतं, कारण कापणाऱ्याने शेजारच्याशी बोललं नाही तरी बिघडत नाही. पण मूल व्हायला नऊ महिने लागतात, मग कितीही बायका कामाला लावा. हे वाक्य वाचून मी हसले होते, आणि पुढच्याच मिनिटाला माझ्या त्या बाराजणांची आठवण येऊन गप्प झाले. त्यांचा काही दोष नव्हता. मी त्यांना महिने समजून मागवलं होतं.

ही माझी चूक बारीकशी. ब्रुक्सची चूक कुठच्या कुठे मोठी होती. ती सांगण्याआधी हा माणूस तिथवर कसा पोचला ते थोडक्यात सांगते.

१९ एप्रिल १९३१ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम इथे जन्म. बालपण त्याच राज्यातल्या ग्रीनव्हिल या तंबाखूच्या बाजारपेठेच्या गावात. वडील डॉक्टर. पोराला नकाशे जमवायचा नाद होता, आणि नकाशे वाढले तसा हवा तो सापडेना, म्हणून त्यांची नोंद ठेवायच्या नाना युक्त्या त्याने करून पाहिल्या. तेरा वर्षांचा असताना, १९४४ मध्ये, हार्वर्डच्या मार्क वन या गणनयंत्राबद्दल मासिकात वाचलं आणि आपल्याला हेच करायचं हे त्याने ठरवून टाकलं. ड्यूक विद्यापीठातून भौतिकशास्त्र घेऊन १९५३ मध्ये तो पदवीधर झाला आणि पुढच्या शिक्षणाला हार्वर्डमध्ये गेला, तो थेट मार्क वन बांधणाऱ्या हॉवर्ड एकनच्या हाताखाली. १९५६ मध्ये डॉक्टरेट झाली, त्याच वर्षी नॅन्सी ग्रीनवुडशी लग्न झालं आणि त्याच वर्षी आयबीएमची नोकरीही लागली. पुढचा संसार ६६ वर्षांचा. तीन मुलं.

आयबीएममधली एक गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे. १९६१ च्या सुमारास ब्रुक्स आठ हजार क्रमांकाच्या नव्या यंत्रांची एक मालिका तयार करत होते. वरच्यांनी बॉब इव्हान्स नावाचा माणूस आणला आणि इव्हान्सने ठरवलं की ही मालिका बंद करायची. त्या वेळी आयबीएमची एका मालिकेतली यंत्रं दुसऱ्या मालिकेतल्या यंत्रांशी जुळत नसत. गिऱ्हाइकाचा व्याप वाढला आणि त्याने मोठं यंत्र घेतलं की जुने सगळे प्रोग्राम टाकून नव्याने लिहायचे. इव्हान्सला छोट्यापासून मोठ्यापर्यंत सगळ्या यंत्रांची एकच भाषा हवी होती. ब्रुक्स आपल्या मालिकेसाठी जिवाच्या आकांताने भांडले, आणि हरले. आता आपली इथली सद्दी संपली असं त्यांना वाटत असताना इव्हान्सने त्यांनाच बोलावलं आणि म्हणाला, हे नवं काम तुम्ही चालवा. ब्रुक्सना स्वतःलाही विश्वास बसेना.

७ एप्रिल १९६४ ला सिस्टीम/३६० ची घोषणा झाली. एकदम सहा मॉडेलं. छोट्या यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्यावरही चालणार. नावातला ३६० म्हणजे होकायंत्राचे सगळे अंश, सगळ्या दिशा. या एका कामावर आयबीएमने पाच अब्ज डॉलर लावल्याचं तेव्हाच्या नियतकालिकांत छापून आलं होतं.

याच कामात एक भांडण झालं, ज्याचा निकाल या लेखातल्या प्रत्येक अक्षरापर्यंत येऊन पोचलाय. एक अक्षर साठवायला किती बिट, म्हणजे शून्य किंवा एकची किती घरं, वापरायची? तेव्हा सहाची चाल होती. सहा बिटांत ६४ चिन्हं बसतात: इंग्रजीची मोठी अक्षरं, आकडे, थोडी विरामचिन्हं, झालं. आयबीएमचेच अभियंता जीन ॲमडाल सहाच्या बाजूचे. डच अभियंता गेरिट ब्लाऊ आठच्या बाजूचे. ब्रुक्सनी आठ म्हणून निकाल दिला, आणि इंग्रजीच्या लहान लिपीला यंत्रात जागा मिळाली. आपल्या हातून घेतला गेलेला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच, असं ते पुढे सांगत. आठ बिटांचं बाइट त्यांच्या आधीच्या यंत्रावरही होतं, पण सगळ्या जगाची ती रीत झाली ती ३६० मुळे.

आठ बिट म्हणजे २५६ जागा. पुढे रूढ झालेल्या ॲस्की या मानकात इंग्रजी खालच्या १२८ मध्ये मावलं आणि वरच्या १२८ रिकाम्या राहिल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आलं, ते नेमकं त्या वरच्या जागांत बसवलेलं होतं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं, संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, एकाच पडद्यावर इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी नांदायचं. सहा बिटांत आमच्या काना-मात्रा-वेलांट्या कुठे बसवल्या असत्या? आता युनिकोड या जागतिक मानकाच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात, 'आई' लिहिलं की सहा. पण मोजायचं माप तेच आठ बिटांचं. पोकीप्सीच्या कचेरीत तो निकाल देताना ब्रुक्सच्या मनात मराठी कुठून असणार! तरी आज माझ्या फोनवरचं मराठी बायबल त्याच मापात साठवलेलं आहे, आणि शास्त्रपाठ उघडताना कधीकधी मला त्याची आठवण होते.

आता ती चूक.

यंत्रं बनली, पण ती चालवणारं मुख्य सॉफ्टवेअर, ओएस/३६०, मागे पडलं. ऐन भरात या कामावर हजाराच्या वर माणसं होती. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे पाच हजार मनुष्यवर्षं त्यात गेली असा ब्रुक्सचाच अंदाज आहे. सुरुवातीला प्रश्न होता, या सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं, याचा बारकाईचा आराखडा कोणी लिहायचा. रचना बघणारा प्रमुख म्हणाला, माझी दहा चांगली माणसं दहा महिन्यांत लिहितील, ठरल्यापेक्षा तीन महिने जास्त लागतील. दुसरा प्रमुख म्हणाला, माझी दीडशे माणसं वेळेत लिहितील, आणि नाही दिलंत तर ती दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. पहिल्याने बजावलं, त्यांना दिलंत तरी तीन महिने उशीर होणारच, आणि काम हलकं होईल ते वेगळं. ब्रुक्सनी दीडशेजणांना काम दिलं. पहिल्याचे दोन्ही शब्द खरे ठरले. चुका निस्तरण्यात यामुळे वर्षभर जास्त गेलं असेल, असं ब्रुक्सनी लिहिलंय. वर असंही म्हटलंय की लाखो डॉलरची चूक करणं माणसाला फार नम्र करून जातं, आणि ती चूक विसरताही येत नाही.

मार्चमधलं ते काम संपल्यावर मी रजा घेऊन नगरला गेले, तेव्हा पुस्तक बरोबर होतं. पप्पा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवत, आणि रविवारी चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगत. इंग्रजी त्यांना बेताचं. मी ओसरीवर बसून त्यांना हा भाग मराठी करून वाचून दाखवला, खरं म्हणजे माझं मन मोकळं करायला. पप्पा रंध्याचं पातं दगडावर घासत होते. घासायचे थांबले. म्हणाले, "हे त्याने स्वतःहून लिहिलंय? पुस्तकात?"

"हो."

"कुणी विचारलं नसताना?"

म्हटलं, तसं अगदी नाही. आयबीएमचे सर्वेसर्वा टॉम वॉटसन यांनी ते नोकरी सोडून जाताना विचारलं होतं, की यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरचं काम सांभाळणं एवढं अवघड का जातं? हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

पप्पा म्हणाले, "बाई, हा पापांगीकार आहे." आणि पुन्हा पातं घासायला लागले.

मला तोवर हे सुचलं नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नाही. आमच्याकडे उपासनेत सगळी मंडळी मिळून पापांगीकार म्हणते: जे करायला नको होतं ते केलं, जे करायला हवं होतं ते केलं नाही. लहानपणापासून म्हणून म्हणून तोंडपाठ झालेलं असतं. पण सोमवारी कचेरीत गेल्यावर मी स्वतः, आणि मी बघितलेले साहेबलोक, चूक कशी सांगतो? 'काही अडचणी आल्या.' 'अंदाज थोडा चुकला.' कर्ता गायब. ब्रुक्स लिहितात, मी ठरवलं आणि ते चुकलं. रविवारची भाषा त्यांनी सोमवारी वापरली. हे एकदाच झालं असंही नाही. प्रोग्रामच्या एका भागातलं काम दुसऱ्या भागापासून झाकून ठेवावं, हा डेव्हिड पार्नास या संगणकतज्ज्ञाचा विचार ब्रुक्सनी १९७५ च्या पुस्तकात खोडून काढला होता. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तीत त्यांनी लिहिलं की पार्नास बरोबर होते आणि मी चुकलो होतो. मूळ मजकूर गुपचूप बदलता आला असता. त्यांनी तो तसाच ठेवला आणि शेजारी कबुली जोडली.

त्या दुपारी मी पप्पांना बाबेलच्या बुरुजावरचं प्रकरणही वाचून दाखवलं. आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला निघालेल्या माणसांची गोष्ट सांगणारा, बायबलातल्या उत्पत्तीचा अकरावा अध्याय ब्रुक्सनी एखाद्या फसलेल्या कामाचा तपास करावा तसा तपासलाय. हेतू स्पष्ट होता? होता. माणसं? भरपूर. विटा-डांबर? मुबलक. वेळ? मुदतच नव्हती. मग अडलं कुठे? एकमेकांचं बोलणं कळेना तिथे. पप्पांनी पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये तो अध्याय असाच घेतला. मुलांचे दोन गट केले, ठोकळे दिले, आणि एका गटाला बोलायची बंदी केली. नगरच्या त्या पोरांना तो धडा अमेरिकेतल्या एका संगणकवाल्याकडून आलाय हे कुणी सांगितलं नाही.

आणखी एका प्रकरणाची सुरुवात फ्रान्समधल्या रॅंसच्या कॅथेड्रलपासून होते. त्या चर्चचं बांधकाम १२११ मध्ये सुरू झालं. युरोपातली बरीच कॅथेड्रलं पिढ्यानपिढ्या बांधली गेली आणि प्रत्येक पिढीने आपली आवड त्यात घातली, त्यामुळे एका इमारतीत चार तऱ्हा दिसतात. रॅंसला तसं झालं नाही. ब्रुक्स म्हणतात, बांधणाऱ्यांच्या आठ पिढ्यांनी आपापल्या मनातल्या काही कल्पना सोडून दिल्या, म्हणून ती इमारत एका मनाने उभी राहिल्यासारखी दिसते. संगणकाची रचनाही अशी एकसंध हवी, हे त्यांचं म्हणणं. स्वतःची मालिका बंद पडलेली बघून दुसऱ्याच्या कल्पनेचं काम मनापासून पुरं करणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात ठेवून ते वाचावं. पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा ते ज्या दोघांना अर्पण केलं होतं त्यातले एक टॉम वॉटसन. दुसरे बॉब इव्हान्स.

नव्या आवृत्तीची अर्पणपत्रिका वेगळी आहे. ती नॅन्सींना आहे, आणि त्यांना देवाने मला दिलेली देणगी म्हटलंय.

सॉफ्टवेअरच्या पुस्तकात देवाचं नाव घ्यायला पुष्कळांना संकोच वाटतो. ब्रुक्सना वाटला नाही, आणि त्यांनी ते कुणाच्या गळ्यातही मारलं नाही. पहिल्याच प्रकरणात, प्रोग्राम लिहिण्यात मजा का येते ते सांगताना, ते चिखलाचे लाडू करणाऱ्या पोराचा आनंद आठवतात. मग म्हणतात, हा आनंद म्हणजे देवाला निर्मितीत जो आनंद होतो त्याचीच छाया असावी. प्रत्येक पान, बर्फाचा प्रत्येक कण वेगळा आणि नवा असतो तो त्यामुळेच. एवढं म्हणून ते कामाच्या पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

१९६४ मध्ये त्यांनी चॅपेल हिलच्या विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग काढला आणि वीस वर्षं तो चालवला. आयबीएमसारख्या ठिकाणी एवढ्या उंचीवर असताना गावाकडच्या राज्यात परतून मास्तरकी धरली, याचं पप्पांना फार कौतुक होतं. तिथे त्यांनी केलेलं काम मला ३६० पेक्षाही जवळचं वाटतं. संगणकवाल्याला ते हत्यारं घडवणारा कारागीर म्हणत. हत्यार वापरणाऱ्याचं काम साधलं तरच घडवणाऱ्याचं साधलं, एरवी नाही. म्हणून त्यांनी जीवरसायनवाल्यांना जोडीला घेतलं. प्रथिनांचे रेणू आतून कसे दुमडलेले असतात हे कळायला शास्त्रज्ञ तेव्हा पितळी तारांचे सांगाडे जोडत बसायचे. ब्रुक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो रेणू पडद्यावर फिरवून बघता येईल असं साधन केलं. पुढे किरणोत्सारी पदार्थ लांबून हाताळायचा एक यांत्रिक हात मिळवला आणि तो संगणकाला जोडला. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना तो ओढला जातोय की ढकलला जातोय, हे शास्त्रज्ञाला हाताला जाणवायला लागलं. विभागाची नवी इमारत, सिटरसन हॉल, बांधायची होती, तर ती उभी राहण्याआधीच संगणकात उभी करून तिच्यातून फिरून बघितलं. लॉबीतली एक भिंत अंगावर येते असं जाणवलं. नकाशा करणाऱ्यांना दाखवलं, आणि भिंत सरकली.

पप्पांच्या वर्गात एक मुलगा होता, बोटं आखूड होती त्याची. पटाशी धरायचा तेव्हा मूठ पुरती वळायची नाही आणि पातं निसटायचं. पोराला वाटायचं आपल्याला हे काम येणारच नाही. पप्पांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला, तळव्यावर सुतळी ठेवून माप घेतलं, आणि त्या रात्री बाभळीच्या लाकडाची नवी मूठ तासली. मधे बारीक, मागे बोंड. सकाळी त्याला दिली, त्याने एक खाच मारली, आणि पप्पांकडे वर बघितलं. ती पटाशी शाळेच्या पेटीत नव्हती, त्या पोराची होती. ब्रुक्सचं हत्यारवाल्याचं वाक्य मी पप्पांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. त्यात त्यांना नवं काही नव्हतं.

ब्रुक्सना १९८५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, इव्हान्स आणि एरिक ब्लॉक यांच्याबरोबर. १९९९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आमच्या धंद्यात याच्यावर पुरस्कार नाही. या सगळ्या वर्षांत ते विद्यापीठातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या इंटरव्हर्सिटी मंडळाच्या पाठीशी उभे होते. १९७३ मध्ये बिली ग्रॅहम या नामांकित अमेरिकन सुवार्तिकाच्या सुवार्तासभा त्या भागात झाल्या, तेव्हा कार्यकारी समितीचं अध्यक्षपद ब्रुक्सकडे होतं. चर्चची कमिटी ज्यांनी चालवलीय त्यांना ठाऊक आहे, ओएस/३६० सांभाळलेल्या माणसालाही ते काम सोपं गेलं नसेल.

पप्पा २०१५ मध्ये गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही नगरच्या घराची डागडुजी काढली. पत्रे काढून स्लॅब टाकायचा, ओसरी बंद करून तिथे खोली करायची असा माझा बेत होता. मी लॅपटॉपवर नीट नकाशा केला, भावाला पाठवला, गवंड्याला दाखवला. सगळ्यांना पसंत. शेवटी आईला दाखवायला बसले. तिने चष्मा लावला, दार कुठे, मोरी कुठे, चूल कुठे ते बोटाने फिरून बघितलं. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे आळीतल्या मंडळींची प्रार्थना असते, वीस-पंचवीस माणसं येतात, पप्पांच्या वेळेपासून.

"पावसाळ्यात बुधवारी लोक येतील," आई म्हणाली, "तर चपला कुठे काढतील?"

मी नकाशाकडे बघत बसले. ओसरीच नव्हती त्यात. दार उघडलं की थेट खोली.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून नवी खोली मागच्या अंगाला घेतली. पुढची ओसरी आहे तेवढीच ठेवली, पत्रा दोन हात पुढे काढला, आणि भिंतीला खाली फळी ठोकली. फळी पप्पांच्या पेटीतल्या रंध्याने भावाने तासली. थोडी वाकडी आहे. पहिल्या पावसातल्या बुधवारी मी तिथे होते. तेवीस जोड चपला मोजल्या, आणि एक छत्री.